फ्रेमच्या पोटात प्रोटोकॉल कसा बसतो : १५०० आणि १४९२ चा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेचं मुख्य कार्यालय निपाणीत, शाखा खानापुरात. दोन्हीकडे स्थानिक केबलवाल्याची फायबर जोडणी आहे, राऊटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळाला नाही म्हणून दोन राऊटरांमधला वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटमधून नेलेली खाजगी, कुलूपबंद वाट) आयपीव्ही६ वरून घातलाय. शाखेतून पिंग (पलीकडे पोचतं का ते बघायची लहानशी हाक) चालतं, लॉगिनचं पान येतं, पण दिवसअखेरचा मोठा अहवाल मागवला की स्क्रीन तशीच अडकून राहते. बाहेरच्या काही वेबसाइटही अर्ध्यावर थांबतात. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे. म्हणून विचारलंय, आयपीचं पॅकेट इथरनेटच्या फ्रेममध्ये नेमकं बसतं कसं, आणि राऊटरमध्ये १५०० च्या जागी १४९२ हा आकडा कुठून आला?

लाइन खरंच ओके असणार. तार खराब असेल तर लहानमोठं सगळंच कमीजास्त गळतं. लहान पॅकेट बिनबोभाट जातं आणि मोठं हमखास अडकतं, हे दुखणं मापाचं आहे. दुरुस्ती शेवटी दोन-तीन आकड्यांचीच निघेल. पण ते आकडे का घालायचे हे समजलं नाही, तर उद्या राऊटर किंवा केबलवाला बदलला की हाच गोंधळ पुन्हा उभा राहील. म्हणून आधी माप बघू.

इथरनेटची फ्रेम तारेवर अशी जाते. सुरुवातीला ७ बाइट प्रीअँबल आणि १ बाइट फ्रेम सुरू झाल्याची खूण. मग ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), ६ बाइट पाठवणाऱ्याचा, २ बाइट प्रकार, त्यानंतर आतला माल ४६ ते १५०० बाइट, आणि शेवटी ४ बाइट एफसीएस, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का ते तपासायचा आकडा. पुढची फ्रेम सोडण्याआधी १२ बाइट जातील एवढा वेळ तार मोकळी ठेवायची. मॅक पत्त्यापासून एफसीएसपर्यंत मोजलं तर फ्रेम किमान ६४ आणि कमाल १५१८ बाइटांची होते. प्रीअँबल आणि मोकळा वेळ धरला तर पूर्ण भरलेली फ्रेम तारेवर १५३८ बाइटांची जागा खाते, आणि त्यातला टीसीपीचा खरा माल, १५०० तून आयपी आणि टीसीपीची २०-२० बाइटांची हेडरं वजा जाता, १४६० बाइट, म्हणजे ९४.९ टक्के. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर फाइल कॉपी करताना वेग ९४-९५ च्या वर का चढत नाही, त्याचं कारण हे. त्यात केबलवाल्याचा दोष नाही.

हे आकडे जुने आहेत. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटची पहिली सामायिक व्याख्या छापली, दुसरी आवृत्ती १९८२ साली आली. तेव्हा एकाच जाड केबलवर सगळी यंत्रं १० एमबीपीएसने बोलत. दोघं एकदम बोलले तर टक्कर झाल्याचं पाठवणाऱ्याला फ्रेम संपायच्या आत कळलं पाहिजे, म्हणून फ्रेम निदान ५१.२ मायक्रोसेकंद चालली पाहिजे असं ठरलं. १० एमबीपीएसला तेवढ्या वेळात ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट जातात. कमाल मर्यादा ठेवली ती एकाच यंत्राने तार अडवून बसू नये आणि कार्डावरची महागडी मेमरी पुरावी म्हणून. आज स्विचवर टक्कर सहसा होत नाही, तरी ६४ आणि १५०० तसेच राहिले, कारण जगातलं प्रत्येक उपकरण तेच धरून बसलंय.

आता त्या २ बाइटांच्या प्रकाराकडे येऊ, कारण सगळा प्रोटोकॉल वाहून नेण्याचा व्यवहार त्यावरच चालतो. आपल्या सीमाभागातल्या घरात एखादा कागद आला की दारात घेणारा आधी लिपी बघतो. कन्नड असेल तर शाळेत कन्नड शिकलेल्या नातवाच्या हातात, मराठी असेल तर आजोबांच्या. दारातल्या माणसाने मजकूर वाचायचा नसतो, कोणाकडे द्यायचा एवढंच ठरवायचं असतं. फ्रेममधला हा आकडा, ज्याला इथरटाइप म्हणतात, तेवढंच काम करतो. हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत) ०८०० असेल तर आत आयपीव्ही४, ८६डीडी असेल तर आयपीव्ही६, ०८०६ म्हणजे एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणारा), ८१०० म्हणजे आधी व्हीलॅनची (एकाच तारेवर वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कची) चिठ्ठी आहे, ८८६३ आणि ८८६४ म्हणजे पीपीपीओई (तुमची युजरनेम-पासवर्डची जोडणी). इथरनेटचा भाग आत डोकावत नाही. आकडा बघतो, माल त्या प्रोटोकॉलच्या हवाली करतो आणि मोकळा होतो.

तो आकडा वाचणारा कोणीच घरात नसेल तर? फ्रेम गुपचूप टाकून दिली जाते. आयपीव्ही६ बंद केलेल्या संगणकाकडे ८६डीडी ची फ्रेम आली तर तो ना उत्तर देतो ना तक्रार करतो. हे मौन लक्षात ठेवा. फ्रेमच्या या थरावर "तुझं पॅकेट मला पटलं नाही" असं सांगायची सोयच नाही. तुमच्या तक्रारीतलं निम्मं कोडं या मौनातून येतं.

आतही हाच खेळ पुढे चालतो. आयपीव्ही४ च्या हेडरमध्ये प्रोटोकॉल नावाचा एक बाइट असतो : १ म्हणजे आयसीएमपी (पिंग आणि अडचणींचे निरोप नेणारा), ६ म्हणजे टीसीपी (हरवलेला माल पुन्हा पाठवणारा), १७ म्हणजे यूडीपी (पाठवून मोकळा होणारा). टीसीपीच्या आत पोर्ट क्रमांक. म्हणजे बँकेची वेबसाइट उघडली की ०८००, मग ६, मग ४४३ अशी आकड्यांची साखळी धरून मागणी बँकेच्या वेब सर्व्हरपर्यंत पोचते. साखळीतला एक आकडा चुकला तर बाकीचं सगळं बरोबर असूनही माल पोचत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण परीक्षेत आणि प्रत्यक्षातही तिच्यावर गाडी घसरते. फ्रेम एका टप्प्यापुरतीच असते. निपाणीहून निघालं, बेळगावला उतरलं, खानापूरची दुसरी गाडी धरली, तर हातातली पिशवी तीच राहते पण गाडी आणि तिकीट नवं. पॅकेटचं तसंच. प्रत्येक राऊटर जुनी फ्रेम फोडून फेकतो, आयपी हेडरमधला टीटीएल (पॅकेट अजून किती राऊटर ओलांडू शकतं तो आकडा) एकाने कमी करतो, आणि नवे मॅक पत्ते व नवा एफसीएस घालून दुसरी फ्रेम बांधतो. त्यामुळे निपाणीच्या राऊटरवर खानापुरातल्या संगणकाचा मॅक पत्ता शोधत बसण्यात अर्थ नाही, तो तिथे कधीच दिसणार नाही.

एक फ्रेम उघडून बघू

एआरपीची विचारणा सगळ्यात सोपी आहे. संगणकाला राऊटरचा आयपी माहीत आहे, मॅक माहीत नाही. वायरशार्कमध्ये (फ्रेम पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिले सहा बाइट एफएफ दिसतील, म्हणजे फ्रेम सगळ्यांसाठी. पुढचे सहा विचारणाऱ्याचा मॅक. मग ०८ ०६. त्यानंतर २८ बाइटांची एआरपी : ०००१ म्हणजे खालचा थर इथरनेट, ०८०० म्हणजे ज्याचा पत्ता शोधतोय तो प्रोटोकॉल आयपीव्ही४, ०६ आणि ०४ ही दोन्ही पत्त्यांची लांबी, ०००१ म्हणजे विचारणा, उत्तरात तिथे ०००२ येतं. मग पाठवणाऱ्याचा मॅक आणि आयपी, नंतर शोधायचा मॅक, जो अजून माहीत नाही म्हणून शून्यांनी भरलेला, आणि त्याचा आयपी. १९२.१६८.१०.५ हा पत्ता तिथे सी० ए८ ०ए ०५ असा दिसेल. इथरटाइपच्या जागी ०८०६ आणि आतल्या मालात पुन्हा ०८०० बघून पुष्कळ जण गोंधळतात. पहिला आकडा सांगतो आत काय आहे, दुसरा सांगतो विचारणा कशाबद्दल आहे.

आता मोजा. १४ बाइट हेडर आणि २८ बाइट एआरपी, एकूण ४२. किमान ६४ हवेत, त्यातले ४ एफसीएसचे, म्हणजे १८ बाइट भरीचे घालावे लागतात. ही भर नेटवर्क कार्ड घालतं, म्हणून पाठवणाऱ्या संगणकावर पकडलेली फ्रेम ४२ बाइटांची दिसते आणि घेणाऱ्याकडे तीच ६० ची. एफसीएस कार्डातच काढून टाकलेला असतो, तो बहुधा दिसत नाही. भर कुठे संपते हे इथरनेटला माहीत नसतं. आयपीने आपली खरी लांबी स्वतःच्या हेडरमध्ये लिहिलेली असते, तिच्या पुढचं सगळं टाकून द्यायचं. टीसीपीची रिकामी पोच ४० बाइटांची असते, तिला ६ बाइट भर लागते. ही भर शून्यांची असावी. २००३ साली असं उघडकीस आलं की बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर तिथे मेमरीतला जुना मजकूर तसाच सोडत होते, आणि तो शेजारच्या यंत्राला वाचता येत होता.

आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही. तिथे शेजारी शोधण्याचं काम आयसीएमपीव्ही६ करतं, म्हणजे तीही ८६डीडी चीच फ्रेम असते. ती सगळ्यांना न पाठवता ३३-३३ ने सुरू होणाऱ्या गट पत्त्यावर जाते. स्विचवर गट पत्त्यांची गाळणी चुकीची लावली की आयपीव्ही४ व्यवस्थित चालतं आणि आयपीव्ही६ थोड्या वेळाने बंद पडतं, ते यामुळे.

लांबी की प्रकार, आणि वायफायचं वेगळं बांधकाम

आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९८० च्या दशकात ८०२.३ आणलं तेव्हा त्याच २ बाइटांच्या जागेत प्रकाराऐवजी लांबी लिहायचं ठरलं. दोन्ही पद्धती आजही एकाच तारेवर नांदतात, कारण नियम सरळ आहे : आकडा १५०० किंवा कमी असेल तर ती लांबी, १५३६ किंवा जास्त असेल तर तो प्रकार. लांबी लिहिली की प्रकार सांगायला दुसरी जागा हवी, म्हणून मालाच्या सुरुवातीला ३ बाइटांचा एलएलसी येतो. त्यातला पत्ता एकाच बाइटाचा असल्यामुळे आकडे पुरेनात, म्हणून पुढे ५ बाइटांचं स्नॅप जोडलं : एलएलसीत एए एए ०३, मग स्नॅपमध्ये ३ बाइट संस्थेचा क्रमांक, आणि मग तोच ओळखीचा २ बाइटांचा इथरटाइप.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. स्विच आपसात फेरे टाळण्यासाठी जे स्पॅनिंग ट्रीचे संदेश पाठवतात ते आजही लांबी लिहिलेल्या फ्रेममध्ये, ४२ ४२ ०३ या एलएलसीसह जातात. फ्रेमला आयपीसारखा टीटीएल नसतो. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं चुकून एकाच साध्या स्विचमध्ये गेली, तर सगळ्यांसाठीची एक फ्रेम अखंड फिरत राहते आणि काही क्षणांत सगळं कार्यालय बंद पडतं. सगळे दिवे एकसाथ लुकलुकत असतील तर आधी कॉर्डी मोजा.

वायफायच्या फ्रेममध्ये इथरटाइपची जागाच नाही, तिथे आयपी नेहमी एलएलसी आणि स्नॅपच्या ८ बाइटांमागे बसतो. अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारी पेटी) हे हेडर काढतो आणि तारेच्या बाजूला साधी इथरनेट फ्रेम बांधतो. यातून आपल्याकडे नेहमी येणारी एक अडचण निघते. कार्यालयापासून लांबच्या वखारीपर्यंत किंवा मळ्यातल्या घरापर्यंत दोन वायरलेस पेट्या लावून जोडणी नेली जाते. वायफायच्या साध्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात : रेडिओवर पाठवणारा, रेडिओवर घेणारा, आणि मूळ किंवा शेवटचा. पलीकडची पेटी साधी ग्राहक म्हणून जोडली असेल तर तिच्यामागच्या संगणकाचा मॅक लिहायला चौथी जागा उरत नाही. मग पेटी सगळ्यांसाठी स्वतःचाच मॅक वापरते. कामं बरीचशी चालतात, पण मुख्य राऊटरच्या यादीत दहा यंत्रं एकाच मॅकवर दिसतात, मॅक बघून पत्ता राखून ठेवायची सोय निरुपयोगी होते, आणि काही पेट्यांवर डीएचसीपीचं (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सोयीचं) उत्तर पलीकडे पोचतच नाही. उपाय म्हणजे दोन्ही टोकांना चार पत्त्यांची पद्धत चालू करणं. पेटीच्या सेटिंगमध्ये ती डब्ल्यूडीएस किंवा पारदर्शक ब्रिज या नावाने असते. ती दोन्हीकडे हवी, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांत ती जुळेलच याची खात्री नसते. म्हणून जोडी एकाच कंपनीची घ्या.

१४९२ कुठून आलं

युजरनेम-पासवर्डची जोडणी म्हणजे पीपीपीओई, जिची व्याख्या १९९९ सालची आहे. पीपीपी मूळचा टेलिफोन आणि लीज लाइनवरचा प्रोटोकॉल. दोन टोकं, मध्ये एक तार, मॅक पत्त्यांची गरजच नाही. फ्रेम ७ई या खुणेने सुरू होते आणि त्याच खुणेने संपते, आत एफएफ ०३, मग २ बाइटांचा प्रोटोकॉल क्रमांक. हे क्रमांक इथरटाइपपेक्षा वेगळे आहेत : आयपीव्ही४ ला ००२१, आयपीव्ही६ ला ००५७, जोडणी जुळवणाऱ्या एलसीपीला सी०२१, पासवर्ड तपासणाऱ्या पॅपला सी०२३ आणि चॅपला सी२२३, आयपी पत्ता देणाऱ्या आयपीसीपीला ८०२१. ग्राहक ओळखणं, पासवर्ड तपासणं आणि हिशोब ठेवणं या सोयी पीपीपीत तयार होत्या, म्हणून केबलवाल्यांना तो इथरनेटवरही हवा होता.

आता ढीग बघा. फ्रेमचा इथरटाइप ८८६४. आत ६ बाइटांचं पीपीपीओई हेडर : आवृत्ती आणि प्रकार मिळून ११, एक कोड, २ बाइट सत्र क्रमांक, २ बाइट लांबी. मग २ बाइट पीपीपीचा प्रोटोकॉल क्रमांक, आणि मग आयपी. सहा आणि दोन आठ. फ्रेममधला माल १५०० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून आयपीला उरले १४९२. एवढंच. फायबरशी याचा काही संबंध नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण "फायबरवर एमटीयू (एका फ्रेममध्ये बसणाऱ्या आयपी पॅकेटचं कमाल माप) कमी असतो" असं बरेच तंत्रज्ञही सांगतात. जीपॉन आणि ईपॉन या घरोघरी फायबर नेण्याच्या दोन पद्धती. जीपॉनच्या जोडणीत घरातली पेटी इथरनेट फ्रेमचं प्रीअँबल काढून टाकते, मॅक पत्त्यापासून एफसीएसपर्यंतचा भाग ५ बाइटांच्या जेम हेडरमागे ठेवते, आणि गरज पडली तर त्याचे तुकडे करून १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींत पाठवते. पलीकडे ते पुन्हा जोडले जातात. ईपॉनमध्ये तर इथरनेटची फ्रेम जवळजवळ जशीच्या तशी जाते, फक्त प्रीअँबलच्या जागेत ग्राहकाचा क्रमांक लिहिला जातो. दोन्हीपैकी कशानेही १५०० चे १४९२ होत नाहीत. तुमचा केबलवाला पीपीपीओई काढून साधं डीएचसीपी देऊ लागला तर त्याच फायबरवर पूर्ण १५०० मिळतील.

जोडणी उभी राहताना ८८६३ च्या चार फ्रेम जातात. राऊटर सगळ्यांना विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, राऊटर त्या एका सर्व्हरला मागणी करतो, सर्व्हर सत्र क्रमांक देतो. लॉगमध्ये यांची नावं पाडी, पाडो, पाडर, पाड्स अशी असतात. पाडी जातेय आणि पाडो येत नाही, म्हणजे सर्व्हरपर्यंत फ्रेमच पोचत नाही : फायबर, व्हीलॅन क्रमांक किंवा केबलवाल्याकडची मॅकची नोंद तपासा. पाड्सपर्यंत आलं आणि सी०२३ किंवा सी२२३ वर अडकलं, तर पासवर्ड. वीज अचानक गेली की राऊटरला निरोपाची पाड्ट फ्रेम पाठवता येत नाही. जुनं सत्र सर्व्हरवर तसंच उघडं राहतं, आणि एका ग्राहकाला एकच सत्र असा नियम असेल तर वीज आल्यावर काही मिनिटं नवीन जोडणी नाकारली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज सारखी जाते-येते, तेव्हा पासवर्ड बदलत बसू नका. राऊटर आणि फायबरची पेटी दोन्ही लहान यूपीएसवर ठेवा.

व्हीलॅनही इथेच बघून घेऊ. पाठवणाऱ्याच्या मॅकनंतर ४ बाइट घुसतात : ८१००, आणि मग १६ बिट, ज्यातले ३ प्राधान्याचे, १ गर्दीत आधी कोणती फ्रेम सोडून द्यायची त्याचा, १२ व्हीलॅन क्रमांकाचे. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. मूळ इथरटाइप त्यांच्यामागे सरकतो. मालाची मर्यादा १५०० च राहते, फ्रेमची १५२२ होते. तुमच्या राऊटरपासून पेटीपर्यंत व्हीलॅनवर पीपीपीओई असेल, तर १४ अधिक ४ अधिक ८ अधिक १४९२ अधिक ४, बरोबर १५२२. मध्ये एखादा जुना, स्वस्त स्विच बसवलेला असेल आणि तो १५१८ च्या वरच्या फ्रेम टाकत असेल, तर लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसेल. तसा स्विच असेल तर चाचणीपुरता काढून थेट तार जोडा.

अडकतं का, आणि तपासायचं कसं

समोरचा वेब सर्व्हर १५०० ची जोडणी धरून बसलाय. तो १५०० बाइटांचं पॅकेट सोडतो, वर "मोडू नका" अशी खूण करतो. केबलवाल्याच्या सर्व्हरपाशी ते पोचतं, पुढे पीपीपीओईत जागा १४९२ चीच. त्याने आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ चा निरोप उलट पाठवायला हवा, "इथून १४९२ च जातील". तो निरोप वाटेत कोणी सुरक्षेच्या नावाखाली अडवला, तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पिंग लहान असतं, लॉगिनची देवाणघेवाण लहान असते, ती पार होते. अहवाल मोठा असतो, तो अडकतो. सगळं आयसीएमपी बंद करू नका, हे इतक्या कळकळीने सांगतो ते यासाठीच. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतले राऊटर पॅकेट मोडतच नाहीत, तिथे प्रकार २ चा आयसीएमपीव्ही६ निरोप हा एकच आधार आहे.

विंडोजवर कमांडची खिडकी उघडा. पिंगला न मोडण्याचा पर्याय एफ आणि मापाचा पर्याय एल. माप १४७२ द्या : त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५००. पीपीपीओईवर हे जाणार नाही. १४६४ द्या, ते गेलं पाहिजे, १४६५ अडलं पाहिजे. आता उत्तर कसं येतं ते नीट बघा की. "मोडावं लागेल" असा निरोप लगेच आला तर राऊटर आपलं काम करतोय. नुसतीच वेळ संपल्याची ओळ आली तर निरोप कुठेतरी गिळला जातोय. १४६४ सुद्धा जात नसेल तर माप आणखी खाली आणत खरी मर्यादा शोधा, मध्ये दुसरं काही आवरण आहे असं समजा.

तपासताना वायरशार्कमधले दोन भास टाळा. पाठवणाऱ्या संगणकावर दहा-वीस हजार बाइटांची फ्रेम दिसली तर दचकू नका. पॅकेट तुकड्यांत कापायचं काम कार्डाकडे दिलेलं असतं आणि वायरशार्क कापण्याआधीचा माल बघतो. आणि विंडोजवर व्हीलॅनची चिठ्ठी ड्रायव्हर बहुधा आधीच काढतो, म्हणून ८१०० दिसलं नाही याचा अर्थ तारेवर ते नव्हतं असा नाही. खरं चित्र हवं असेल तर स्विचचा मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टची नक्कल देणारा) घेऊन तिसऱ्या संगणकावर पकडा.

स्विचच्या पोर्टवर सीआरसी चुका (एफसीएस न जुळलेल्या फ्रेम) वाढत असतील तर मात्र मापाचा प्रश्न बाजूला ठेवा, दुखणं तारेचंच आहे. एफसीएस जुळला नाही की फ्रेम टाकली जाते, इथरनेट ती पुन्हा मागत नाही, तो भार टीसीपीवर पडतो. एका बाजूला वेग आणि डुप्लेक्स (एकदम बोलायचं की आळीपाळीने) हाताने बांधलेला आणि दुसऱ्या बाजूला आपोआप ठेवलेला असेल, तर एकीकडे सीआरसी आणि दुसरीकडे उशिराच्या टकरी दिसतात. दोन्हीकडे आपोआप ठेवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी भट्ट्या आणि मोठ्या मोटारींच्या वायरिंगला लागून नेटवर्कची केबल ओढलेली असते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल तिथे टिकत नाही. अस्सल तांब्याची घ्या आणि १०० मीटरच्या आत ठेवा. दोन इमारतींमध्ये मात्र फायबरच घाला, वळवाच्या पावसातल्या विजेपासूनही ते वाचवतं.

आता तुमचा बोगदा. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचे ३२ बाइट, यूडीपीचे ८ आणि बाहेरचं आयपी हेडर घालतो : आयपीव्ही४ वर २०, आयपीव्ही६ वर ४०. म्हणजे एकूण ६० किंवा ८०. त्याचा नेहमीचा एमटीयू १४२० असतो, १५०० वजा ८० असा हिशोब धरून. तुमच्याकडे बाहेरची जागा १४९२ चीच आहे. आयपीव्ही४ वरून बोगदा असता तर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, खपून गेलं असतं. आयपीव्ही६ वर १४२० अधिक ८० म्हणजे १५००, आठ बाइट जास्त. मग राऊटरला बाहेरचं पॅकेट दोन तुकड्यांत पाठवावं लागतं, आणि आयपीव्ही६ चे तुकडे वाटेतल्या फायरवॉलमध्ये पुष्कळदा टाकले जातात. अहवाल तिथे अडकतोय.

निपाणी आणि खानापूर, दोन्ही राऊटरांवर वायरगार्डचा एमटीयू १४१२ करा. एकाच बाजूला केला तर एकाच दिशेची वाहतूक सुधारेल, आणि अहवाल उतरेल पण स्कॅन केलेली कागदपत्रं चढणार नाहीत असं काहीतरी अर्धवट होईल. पीपीपीओईच्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या खऱ्या मालाचं कमाल माप) आवळा : आयपीव्ही४ ला १४५२, आयपीव्ही६ ला १४३२. अर्ध्यावर थांबणाऱ्या वेबसाइट त्याने सुटतील, कारण मग दोन्ही टोकं सुरुवातीलाच लहान तुकड्यांवर राजी होतात आणि हरवलेल्या निरोपावर अवलंबून राहावं लागत नाही. बोगद्याच्या इंटरफेसवर आयपीव्ही४ साठी हाच आकडा १३७२ ठेवा. राऊटरमध्ये "एमटीयूनुसार आपोआप" असा पर्याय असेल तर तोच निवडा, आकडे लक्षात ठेवायला नकोत.

एमएसएस फक्त टीसीपीचा असतो, हे ध्यानात असू द्या. आयपीवर चालणारे फोन किंवा क्विक (QUIC) या नव्या प्रोटोकॉलवर जाणाऱ्या वेबसाइट यूडीपी वापरतात, त्यांना एमएसएसची मदत नाही. त्यासाठी राऊटरच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीचे ते दोन निरोप मोकळे ठेवायचेच.

बदल केल्यावर खानापुरातून बोगद्यातल्या निपाणीच्या पत्त्याला न मोडता पिंग करा : १३८४ गेलं पाहिजे, १३८५ ला लगेच "मोडावं लागेल" असं उत्तर आलं पाहिजे. मग उलट दिशेने निपाणीहून तेच. दोन्हीकडून हे आकडे जुळले की दिवसअखेरचा अहवाल मागवून बघा.